लोणीवाला

प्रेबेन डेन्मार्कहून इंग्लंडच्या स्पीडवे लीगमध्ये मोटारसायकल पळवायला आला, तेव्हापासून प्रतिस्पर्धी क्लबचा कप्तान डेरिक त्याला लोणीवाला म्हणायचा, कारण इंग्लंडात घरोघरी डेन्मार्कचंच लोणी खपायचं. "हे डेनिश लोक मऊच. ह्यांना पावाला लावा, ट्रॅकवर कशाला आणता?" प्रेक्षक खिदळायचे. प्रेबेन हेल्मेटचा पट्टा आवळायचा. अशी दहा वर्षं गेली.

कपच्या शेवटच्या शर्यतीत डेरिक पुढे होता. वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो प्रेबेनच्या चाकासमोर आडवा पडला. या गाड्यांना ब्रेक नसतो. प्रेबेनने आपली गाडी मातीत लोळवली आणि स्वतः कुंपणावर जाऊन आदळला. मांडीचं हाड मोडलं. शर्यत त्याच्याशिवाय पुन्हा झाली आणि कप डेरिकच्या क्लबने नेला.

दुसऱ्या दिवशी डेरिक द्राक्षं घेऊन हॉस्पिटलात आला. आभार मानणं काही त्याला जमेना.

"मूर्ख आहेस लेका," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो ना, तर सरळ अंगावरून गाडी नेली असती."

"ठाऊक आहे," प्रेबेन द्राक्ष तोंडात टाकत म्हणाला. "म्हणून तर दहा वर्षांत तुझ्यापुढे एकदाही पडलो नाही."