करंड्यातला कान

"छे हो, घोरणं माहीतच नाही यांना!" मी डॉक्टरबाईंना ठणकावून सांगितलं. "रात्रभर एक आवाज नाही."

हे शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्याच पेंगत होते. पार्किन्सनला सात वर्षं झाली. गोळ्यांनी हाताची थरथर कमी झाली, पण ही दिवसभराची पेंग काही जाईना. जेवता जेवता डोळा लागायचा, घास हातात तसाच. आळशीपणा म्हणून मी चारचौघांत बोललेही होते.

"ही नुसती गोळ्यांची गुंगी वाटत नाही, काकू. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीची झोपच पुरी होत नाही. मध्येच गुदमरून, दचकून उठतात का?"

"नाही म्हटलं ना!" तेवढ्यात माझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, म्हणून मी ते दाबून बसवलं.

डॉक्टरबाई माझ्या कानाकडे बघत राहिल्या. "हे रात्री काढून ठेवता?"

"म्हणजे काय! निजताना टोचतं. कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवते, सकाळी अंघोळ झाली की..."

बोलता बोलता मी कानातल्या यंत्राला हात लावला. मग यांच्याकडे वळले आणि उगाच माझा आवाज चढला. "अहो, मला उठवायचं नाही का कधी?"

त्यांनी डोळे उघडले. या आजाराने त्यांचा आवाजही पार बारीक करून टाकलाय. मी कान त्यांच्या ओठांजवळ नेला.

"हाक मारतो की," ते म्हणाले. "रोज रात्री."