थोरल्याचा कमठा

रुमलीनं भिंतीवरचा कमठा काढून कोयता हातात घेतला तसा ओट्यावर बसलेला दीर ताडकन उठला. "वहिनी, गेलेल्या पोराच्या वस्तूला कोयता लावतात का?"

तिचा थोरला गेल्या वर्षी तापानं गेला. तेव्हापासून त्याचा बांबूचा कमठा, तीर मारायचं धनुष्य, खुंटीला टांगलेला होता आणि धाकटी मोगी त्याच्याकडं बघत बघत जेवत होती. आज सकाळी मोगीनं तो ओढून पाहिला, तर इतका ताठ की दोरी छातीपर्यंतसुद्धा येईना.

"उद्या शाळेत तिरंदाजीची निवड आहे," रुमली अंगणात बसत म्हणाली, "आणि कमठा घरात एवढाच आहे."

"मोडला म्हणजे?"

"मोडला तर माझ्या हातानं मोडेल. वाळवीच्या तोंडी तरी जायचा नाही."

बांबूच्या पाठीला तिनं धक्का लावला नाही. पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या बाजूनं, जरा तासायचं, दोरी चढवून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, पुन्हा तासायचं. दीर तोंड फिरवून बसला, पण उठून गेला नाही. एकदा बांबू करकरला आणि रुमलीचा कोयता हवेतच थांबला. मग मोगीनं कमठा हातात घेतला, दोरी ओढली. ती थेट हनुवटीला टेकली.

"आता तो त्याचा राहिला नाही," दीर पुटपुटला.

"नाहीच राहिला. हिचा झाला."

संध्याकाळी रुमलीनं अंगणातल्या सगळ्या ढलप्या गोळा करून चुलीत सारल्या. त्या जाळावरची पहिली भाकरी तिनं दिराच्या ताटात टाकली आणि त्यानं तुकडा मोडेपर्यंत समोरून हलली नाही.