भिंतीवरचा आकडा

“खडू घे, लिही. ड्रायव्हर, अडतीस किलो.”

नवऱ्यानं सुटे भाग मागवून, तीन वर्षं खपून शेडमध्ये स्पोर्ट्स कार जोडली होती. गाडी हलकी हवी म्हणून प्रत्येक भागाचं वजन करायचा आणि किलोभर वाचला की भिंतीवर लिहून नाचायचा. आता कॅन्सरनं त्याचंच वजन उतरवलं होतं.

“गाडी काय पळेल बघ!” तो हसला.

मी लिहिलं.

“एकदा आत बसव गं. शेजारच्या सुर्वेकाकांना हाक मार, एकटीला झेपायचं नाही.”

कडेवरची लेक खाली ठेवली. हाक मारण्याआधी हात घालून पाहिला, तर तो लेकीसारखा अलगद वर आला.

स्टिअरिंगमागे बसल्यावर त्यानं किल्ली मागितली नाही. भिंतीकडे बघत राहिला.

“पुसून टाक तो आकडा,” म्हणाला.