दुधाळ तेल

जवळ सरका मंडळी, माझ्याच संशयाची गोष्ट सांगतो.

पलीकडच्या गावच्या यमुनावैनींकडून पर्यटकांना वाळूवर फिरवायची जुनी एटीव्ही घेतली. आठवड्यात गिअर पडेना. मिस्त्रीने तेल काढलं, तर चहासारखं दुधाळ. "खारं पाणी शिरलंय. गंडवलं तुला माळकरणीने."

घेताना विचारलं होतं, "गाडी समुद्रात गेलेली का?" तेव्हा वैनी गप्प राहिल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ आणि पोटात हे? तडक जाऊन तेलाची बाटली पुढ्यात ठेवली.

"एकदाच गेली," त्या म्हणाल्या. "एक पोरगी बुडत होती. ह्यांनी गाडी लाटांत घातली. गाडीला धरून पोरगी वाचली, हे वाहून गेले. तोंडातून निघालंच नाही, भाऊ."

गिअरबॉक्स धुऊन घेतला. आता त्या गाडीवर बसाल, तेव्हा वैनींच्या मालकांना, धर्मा पाटलांना आठवा.