जामीनदार

गणपती तोंडावर आले की ठाण्यातून दोन बोलावणी एकाच सकाळी यायची. मंडळांच्या अध्यक्षांना शांततेच्या बैठकीसाठी, आणि रौडी शीटवर, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या यादीत, नाव चढलेल्या पोरांना चांगल्या वागणुकीचा जामीन देण्यासाठी. अध्यक्षांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि चहा, पोरांना फरशी. सुशीलाबाई मुलाशेजारी फरशीवरच बसल्या होत्या. शिपायाने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

हर्षवर्धनला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. नव्यानेच निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या गाडीवर तो ड्रायव्हर होता. दुपारी गाडी काढायची होती. नाही काढली तर ती दुसऱ्याला जाणार. आणि जामीन मिळाला नाही तर विसर्जन होईपर्यंत तो आत.

"अम्मा, कागज तयार है," इन्स्पेक्टर म्हणाला. "सही करने को एक इज्जतदार आदमी बताओ."

सुशीलाबाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांच्याच मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव तिथे बशीतून चहा पीत होते.

"भगवंतराव, तुम्ही सांगा साहेबांना. त्या भांडणानंतर पोराने कुणाच्या अंगाला बोट तरी लावलंय का?"

"वहिनी, मला मंडळाचं बघावं लागतं." भगवंतरावांनी बशी खाली ठेवली. "यंदा त्याने आरतीलाही येऊ नये असं ठरलंय. लोक नावं ठेवतात. तुम्हाला सांगणारच होतो."

सुशीलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायच्या आत दारातून यादगिरी आला. केबलवाला यादगिरी. गल्लीत नव्यानेच केबल आली तेव्हा दुसऱ्या केबलवाल्याच्या तारा याच्याच सांगण्यावरून हर्षवर्धनने कापल्या होत्या, आणि आडव्या आलेल्या एकाचं डोकं फोडलं होतं. शीट हर्षवर्धनची उघडली. यादगिरी टॅक्स भरत होता, वर्गणी देत होता, तेव्हा तो इज्जतदारच राहिला.

"अम्मा, मैं करता ना सही. अपना बच्चा है. शाम को ऑफिस आजा बोलो, बस."

"करू दे त्याला, आई," हर्षवर्धन पुटपुटला. "इथे दुसरं आहे कोण आपलं?"

"त्याने सही केली की तू परत त्याचा. गप बस."

यादगिरी टेबलाकडे सरकला. इन्स्पेक्टरने पेनाचं टोपण काढलं. सुशीलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि सकाळपासून ज्या भिंतीकडे बघायचं त्यांनी टाळलं होतं, तिच्याकडे आता त्यांना बघावंच लागलं. इन्स्पेक्टरच्या डोक्यावर रौडींच्या फोटोंचा बोर्ड होता.

सगळे फोटो ठाण्यातच काढलेले, सगळी तोंडं सुतकी. हर्षवर्धन एकटाच हसत होता. डोक्याला केशरी फेटा होता. हा फोटो त्यांच्या घरातही लावलेला होता, अख्खा. मंडळाने आबिड्सच्या बाजारातला फोटोग्राफर बोलावून काढून घेतला होता, सगळे कार्यकर्ते आणि मध्ये मूर्ती. इथे त्यातला त्यांचा पोरगा तेवढा कापून घेतला होता. पण कापणाऱ्याला नीट जमलं नव्हतं. पोराच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता, मनगटापर्यंतच. तर्जनीत पुष्कराजाची अंगठी होती.

ते बोट अख्खं मंडळ ओळखत होतं. मीटिंगमध्ये कुणाला झापायचं असलं की आधी तेच वर व्हायचं.

"हा फोटो तुम्ही दिलात," सुशीलाबाई भगवंतरावांकडे वळून म्हणाल्या.

"पोलिसांनी मागितला, वहिनी. नाही कसं म्हणणार?"

सुशीलाबाई दोन पावलं पुढे झाल्या आणि यादगिरी आणि टेबल यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. आवाज खाली आणायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

"साब, जामीनदार कायकू ढूंढ रे? वो देखो. कबसे तुम्हारी दीवार पे लटका है."

इन्स्पेक्टर मागे वळला. बोर्डाजवळ जाऊन त्याने फोटोतला खांद्यावरचा अंगठीवाला हात निरखला. मग त्याने खुर्च्यांकडे पाहिलं. बाकीच्या अध्यक्षांनीही चहा थांबवून आधी भिंतीकडे आणि मग भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांचा उजवा हात एव्हाना जाकिटाच्या खिशात गेला होता.

"आपही का है क्या, साब?" इन्स्पेक्टरने कागद यादगिरीसमोरून उचलला आणि पेन भगवंतरावांसमोर धरलं.

पेन तसंच धरलेलं राहिलं.

"काढा हात बाहेर, भगवंतराव," सुशीलाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितलाय तो."