बाकावरचा डबा

“कोणाला पटायचं नाही हे,” शेषगिरीनं कमरेची वेष्टी सावरत सुरुवात केली, “पण स्टेशनच्या बाकावर माझा डबा असताना गाडी सुटली! त्या लाइनच्या अख्ख्या जन्मात असं एकदाच झालं, आणि तेही माझ्याच वाट्याला.”

समोर त्याची धाकटी बहीण भामा गरम फिल्टर कापीचा पितळी टंबलर हातात धरून बसली होती. तिनं ही गोष्ट एकावन्न वेळा ऐकली होती. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी बहिणी भावांसाठी काणूचा सण करतात. त्या दिवशी ती पापनाशमहून तंजावरला यायची, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या या घरात जेवायची, आणि जेवणावर ही गाडी हटकून सुटायची.

यंदा फरक एवढाच, की भामाची लेक साईप्रिया बरोबर आली होती आणि तिनं ती गाडी खरोखरीच टीव्हीवर आणली होती. छोट्या गाड्यांचा नाद असलेल्या कुणा परदेशी माणसानं बावन्न वर्षांपूर्वी ती फिल्म घेतली होती. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं पेटीतली रिळं इंटरनेटवर टाकली. फिल्मला आवाज नव्हता. रंग विटले होते. भातशेतं निळसर आणि आभाळ गुलाबी दिसत होतं. त्यातून एक काळं, ठेंगणं इंजिन पाच डबे ओढत निघालं होतं.

“त्या गोऱ्याला शहाळं मीच पाजलं होतं,” शेषगिरी म्हणाला. “आणि गाडी किती हळू? पुढच्या डब्यातून उतरायचं, कालव्यात आंघोळ करायची, मागच्या डब्यात चढून केस वाळवायचे. एकदा एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली. ड्रायव्हरनं तिला सलाम केला.”

“अय्यो मामा!” साईप्रिया हसली.

शेषगिरी हसला नाही. तो डोळे पुसत होता. रूळ उखडून नेले तेव्हापासून ती गाडी एकदा, फक्त एकदा पाहायला मिळावी, एवढंच तो मागत आला होता.

त्यांच्या जुन्या गावापासून पापनाशमपर्यंत नऊ मैलांची लाइन, चार स्टेशनं. तिचा एक नेम होता, कुठल्या कागदावर नसलेला. निघायला उशीर होणार असेल तर सामान पुढे पाठवायचं. बाकावर कुणाचा पाण्याचा कूजा दिसो की छत्री, त्याचा धनी येईपर्यंत सांबशिव गार्ड हिरवं निशाण उलगडत नसे.

आणि त्याच नेमानं शेषगिरीचा घात केला, असं तो सांगे. भामानं पापनाशमच्या एका तमिळ मास्तराशी लग्न ठरवलं. मराठी घरात हे चालणारं नव्हतं; घरातलं कोणी लग्नाला जाणार नाही, असं वडिलांनी बजावलं. शेषगिरीनं मात्र बहिणीला चोरून शब्द दिला होता: सकाळी दहा-वीसच्या गाडीनं लाह्या घेऊन येतो. होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या तिच्या भावानं. पिवळ्या फडक्यात बांधलेला लाह्यांचा डबा त्यानं बाकावर ठेवला, गजरा घ्यायला वळला, आणि परत येतो तो काय? गाडी पसार! “मोकळ्या रुळांपुढे मी आणि डबा, दोघंच रडत बसलो.”

मांडवात शेवटी लाह्या कोणी घातल्या, हे भामानं कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

“मामा, तुमचं स्टेशन!”

कौलारू छप्पर. चिंचेचं झाड. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झालेले. गाडी उभीच होती. आणि बाकावर एक डबा. सगळ्या फिल्मचे रंग उडाले होते, पण त्या फडक्याचा पिवळा तेवढा उडाला नव्हता.

शेषगिरी टीव्हीकडे झुकला.

एक पाठमोरा माणूस पडद्यावर आला. बाकापुढे उभा राहिला. खिडक्यांतून लोक त्याला बोलावत होते. गार्ड अख्खा हात हलवून ‘चल, चल’ म्हणत होता. त्या माणसानं गाडीकडे पाहिलं, मग गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे. रस्त्याकडे तो फार वेळ पाहत राहिला. मग त्यानं डबा उचलला, पोटाशी धरला आणि रस्त्याच्या बाजूनं पडद्याबाहेर निघून गेला. गार्ड मोकळ्या बाकाकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं निशाण उलगडलं. इंजिनानं आवाज न करता शिट्टी दिली असावी, कारण चिंचेवरचे पक्षी उडाले.

शेषगिरीला वाटलं, आता बोलावं. बावन्न वर्षं जे घशाशी येऊन परत गेलं, ते आत्ताच बोलून टाकावं. त्यानं तोंड उघडलं.

“चोर!” तो ओरडला. “बघ भामे, चोर! माझा डबा चोरला त्यानं! बाक मोकळा दिसला, म्हणून गाडी सुटली. आज कळलं!”

“मग मामा,” साईप्रिया म्हणाली, “तुमच्याबरोबर रडत बसला होता तो डबा कुठला?”

“तो ना? तो त्या चोरानं नंतर... त्याला पश्चात्ताप झाला...”

भामानं टंबलर खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता.

“चोर कसला, अण्णा? सांबशिव गार्ड गाडीतून उतरला तो सरळ मांडवात आला. ‘तुझा भाऊ डबा घेऊन माघारी फिरला, अम्मा,’ म्हणाला, आणि माझ्या ओंजळीत लाह्या त्यानंच घातल्या.”