छत्री मिटली नाही तेव्हा

उन्हाची काहिली कमी करायला आभाळात उघडलेली प्रचंड छत्री चार दिवस मिटेना, आणि सांगोल्यातले सोलर इन्व्हर्टर बंद पडू लागले. मालनबाईंच्या नवऱ्याचं यंत्राचं हृदय घरच्या विजेवरच चार्ज होई. त्यात आता तासाभराचीच वीज उरली होती. शेजारचे वायरमन हारूनभाई यांनी जुना जनरेटर आणून जोडला, तरी इन्व्हर्टर त्याची वीज घेईना.

“वहिनी, इंजिनाचा वेग कमी-जास्त होतोय. याला एकसारखी वीज लागते.”

मालनबाईंनी वीस वर्षं डिझेल इंजिनावर पिठाची गिरणी चालवली होती. आवाज ऐकत त्यांनी वेगाचा स्क्रू जरासा आवळला. धडधड एकसुरी झाली आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला.

“अर्धा कप चहा टाकतेस?” खाटेवरून नवऱ्याने विचारलं. वीज वाचवायला तो दोन दिवस बोलला नव्हता.

मालनबाई आधी मटकन खाली बसल्या, मग चहाला उठल्या.